गुरुवारची अंगठी

"अंगठी ठेवली हाये वो," नानाजी अंगणातूनच म्हणाले.

ठेवली होती हे कमळाला दिसतच होतं. देवघरापुढच्या पितळी वाटीशेजारी, दर गुरुवारी ठेवत तशी, खडा वर करून. तिने वाटीत कच्चं दूध ओतलं, चिमूटभर हळद टाकली आणि अंगठी उचलून आत सोडली. सोडली कसली, टाकलीच. दुधाचे थेंब फरशीवर उडाले.

"हळू," बाहेरून आवाज आला.

हे बरं ऐकू येतं! भाजीत मीठ कमी आहे का, असं पुन्हा पुन्हा विचारलं तरी या माणसाच्या कानावर जात नाही, आणि अंगठी दुधात पडल्याचा आवाज मात्र थेट अंगणात पोचतो. कमळाने फडक्याने फरशी पुसली. पुसताना भिंतीवरच्या फोटोकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण बघितलंच. फोटोत रुखमा होती. नेहमीसारखी हसत होती.

कमळाला सवत होती, आणि तीही मेलेली. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं, तिची भाजी खारट झाली की चार बायांत हसता येतं. मेलेल्या सवतीची भाजी कधी खारट होत नाही. रुखमा तापाने गेली तेव्हा तिची मुलगी स्वाती शाळेतसुद्धा जात नव्हती. वर्षभराने कमळा या घरात आली, आणि तेव्हापासून सिंदेवाहीतल्या त्या गल्लीने तिला रुखमाच्या हातची आंबाडीची भाजी, रुखमाची रांगोळी आणि रुखमाचा गोड गळा एवढं सगळं ऐकवलं, की आपण या घरात राहायला आलो आहोत की हिची पुण्यतिथी करायला, असं तिला वाटायचं. कमळा हे कुणाला बोलून दाखवत नसे. मनात मात्र जळत असे, आणि चांगली जळत असे.

सगळ्यांत जास्त जळायची ती या अंगठीवर.

पूर्वी नानाजींचं कुठे धड बस्तान बसत नव्हतं. आज या राइस मिलमध्ये, उद्या त्या. कुणी महाराजाने सांगितलं, गुरू कमजोर आहे, पुखराज घाला. रुखमाने गळ्यातली माहेरची सोन्याची एकदाणी मोडली आणि नवऱ्याच्या पहिल्या बोटात पिवळा खडा घातला. त्याच साली नानाजी मिलमध्ये मशीनवर कायम झाले. हा गुरूचा प्रताप, की आधीचा मशीनवाला मालकाशी भांडून निघून गेला त्याचा, हे कुणी विचारलं नाही. अंगठीचं नाव झालं. दर गुरुवारी ती दुधात धुवायची, हा रुखमाचा नेम. रुखमा गेली, नेम राहिला आणि तो कमळाच्या गळ्यात पडला. गावात सवतीचं लुगडं नेसणाऱ्या बाया होत्या, सवतीची पोरं वाढवणाऱ्याही होत्या. पण सवतीची अंगठी दर गुरुवारी दुधाने न्हाऊ घालणारी ती एकटीच.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. नानाजी रोज सकाळी आंघोळ करून अंगणात उभे राहत, सूर्याला हात जोडत, आणि मग बोट उंच धरून, एक डोळा मिटून त्या खड्यात बघत. क्षणभरच. आणि गालात हसत. ते हसू कमळा स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायची. तसं हसू तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तिच्याकडे बघून ते हसत नसत असं नाही, पण ते चहा चांगला झाल्याचं हसू होतं.

पूजा झाल्यावर नानाजींनी अंगठी पुसून बोटात घातली आणि खडा नखाने दाबून पाहिला.

"कोंदण ढिलं झालं वाटते. खडा हलून राह्यला," ते म्हणाले. "तू शनिवारी चष्म्यासाठी चांद्याले जाऊनच राह्यली ना? लटारूभाऊकडं दाखवून आणजो."

"मी?"

"मंग काय मी? मिल कोण पाहीन?"

अंगठी पहिल्यांदाच कमळाच्या हातात दोन दिवस राहणार होती. तिने ती रुमालात बांधून ब्लाउजमध्ये ठेवली, आणि शुक्रवारी कामावर जाताना तिच्या चालण्याला जरा जास्तच घाई होती.

कमळा भात संशोधन केंद्रात मदतनीस होती. काम म्हटलं तर सोपं. खाली दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर धानाचा नमुना पसरायचा आणि भिंग धरून चिमट्याने निवडायचा. शुद्ध बी एकीकडे. पोचट, तुटकं, काडीकचरा आणि दुसऱ्याच वाणाचा दाणा दुसरीकडे. तिची नजर एवढी बसली होती की लग्नाच्या पंगतीतसुद्धा तिला ताटातला खडा आधी दिसायचा आणि भात नंतर.

जेवणाच्या सुट्टीत टेबल रिकामं झालं तशी तिने अंगठी काचेवर ठेवली, दिवा लावला आणि भिंग धरलं.

आत कचरा होता. बारीक बारीक रेघा, धुक्यासारखा एक पट्टा, आणि मधोमध एक वाकडा धागा. कमळाच्या काळजात गार वारा शिरल्यासारखं झालं. एवढी वर्षं दुधाने धुतलेला, घरादाराने डोक्यावर घेतलेला हा खडा आतून केराने भरलेला निघाला!

"काय पाहून राह्यली वो कमळाबाई?" रंजीताने डबा उघडता उघडता विचारलं. दोघी एकाच टेबलावर काम करत.

"काई नाई," कमळा म्हणाली. "भेसळ."

त्या दिवशी तिने डब्यातली वांग्याची भाजी रंजीताला अर्धी देऊन टाकली, एवढी ती खूश होती.

शनिवारी चष्मा डोळ्यांवर चढवून ती लटारूभाऊंच्या दुकानात शिरली. लटारूभाऊ म्हातारे सोनार. दुकान अरुंद, पण चांद्यात खड्यांसाठी लोक त्यांच्याकडेच येत. त्यांनी अंगठी हातात घेतली, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काढलाच नाही.

"खराब हाये ना भाऊ?" कमळाला राहवेना. "आत लय कचरा हाये. मी सोता पाह्यलं. आमच्या इथी असा नमुना आला तं नापास करून टाकतो आमी."

लटारूभाऊंनी भिंग काढलं आणि ते हसले.

"बाई, हे धान नोहे. धानात साफ ते चांगलं. खड्यात उलटं हाये. हे धागे दिसतेत ना, रेशमासारखे? अख्खे हायेत, कुठी तुटले नाईत. खडा भट्टीत गेला असता तं हे जळून गेले असते. मले विचारसान तं हा जमिनीतून जसा निंगाला तसाच हाये. चांगला खडा हाये. कोणं घेतला?"

कमळाचा चेहरा एवढा उतरला की लटारूभाऊंनी तिच्यासाठी पाणी मागवलं.

पाणी पिऊन तिने काउंटरवरच्या डबीत मांडलेले पिवळे खडे बघितले. त्यात एक होता. नितळ, आत काही नाही, आणि पिवळा म्हणजे झेंडूसारखा पिवळाधमक. भावसुद्धा ऐकला तर भिशीच्या पैशांत बसणारा.

"हा खरा नाई का मंग?" तिने विचारलं.

"खराच हाये. काच नाई, पुखराजच हाये. पण भट्टीतला. रंग फिका होता, तापवून पिवळा केला. सांगून इकला तं पाप नाई, लपवून इकला तं पाप हाये. एवढा झळाळ, एवढा साफ अन् सस्ता, तिन्ही एका जागी दिसले का समजाचं. अन् हे पाय." त्यांनी खडा तिरका करून भिंग तिच्या हातात दिलं. "काठाले. आत बारीक कण होता, तो भट्टीत फुटला. लाही फुटते तसा. दिसला? हे भट्टीची खूण. तरी पक्कं सांगाचं तं नागपूरच्या लॅबचा कागद पायजे. मोठा खडा घेतला तं कागदाबिगर घेऊच नये, मीच सांगतो."

कमळाला दिसली. काठाशी, चिमुकली, गोल, पांढरट. एरवी कुणाच्या नजरेत यायची नाही.

तिने भिंग खाली ठेवलं. रुखमाचा खडा खरा होता. म्हणजे यातही तीच जिंकली. आणि आपण या खऱ्या खड्याला अजून किती गुरुवार न्हाऊ घालणार? मरेपर्यंत? कमळाच्या मनात आलं ते तिलाच ऐकू आलं आणि ती दचकली, पण तोंड आपोआप बोलून गेलं.

"भाऊ, कोंदणात हाच बसवून द्या. हा भट्टीतला."

"अन् जुना?"

"तो पुडीत बांधून द्या. पोरीसाठी ठेवाचा हाये. आमच्या स्वातीले. तिच्या बाबानंच सांगितलं."

खोटं इतकं सहज आलं की लटारूभाऊ खूश झाले. "शहाणी हायेस वो बाई. पोरीले मायचा खडा लाभतेच," ते म्हणाले, आणि त्यांनी चिमटा उचलला.

घरी आल्यावर तिने पुडी लाखोरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी घातली आणि अंगठी नानाजींच्या हातावर ठेवली.

"चमकून राह्यला लय," नानाजी म्हणाले.

"पालिश मारली लटारूभाऊनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी उभी होती. नानाजींनी सूर्याला हात जोडले, बोट उंच धरलं, एक डोळा मिटला. त्या दिवशी ते जास्त वेळ बघत राहिले. बोट इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग हात खाली घेतला, गमछा खांद्यावर टाकला आणि मिलकडे निघून गेले. चुलीवरचा भात खाली लागला तेव्हा कुठे कमळा भानावर आली.

ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. कमळाचा जीव भांड्यात पडला. पुढच्या गुरुवारी तिने अंगठी दुधात हळूच सोडली. आता धुवायची ती स्वतःच्या भिशीचा खडा. तिने फोटोकडे मान वर करून बघितलं, आणि बघ म्हणाली. मनातल्या मनात, पण म्हणाली.

हे सुख फार टिकलं नाही. काही दिवसांनी नानाजी अंगणात खड्यात बघताना पुन्हा हसले. तेच हसू. कमळाच्या हातातलं लाटणं थांबलं. खडा हिचा आणि हसू तिला! ते अजून रुखमाकडेच बघत होते, फक्त आता कमळाच्या पैशाने. पूर्वी निदान ज्याचं त्याला जात होतं. आता तिने आपल्या हाताने आपला खडा सवतीच्या नावावर करून दिला होता, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. तिचा जळफळाट पूर्वीपेक्षा वाढला. फोटोवरची धूळ तिने दोन आठवडे पुसली नाही.

थंडी पडली आणि स्वातीचं लग्न ठरलं. मुलगा सुनिल, गडचांदूरला सिमेंट कारखान्यात होता. स्वाती गडचिरोलीला नर्सचं काम करायची. गुरुवारी सुट्टी काढून बस्त्यासाठी घरी येणार होती. बुधवारी जेवण झाल्यावर हात धुता धुता नानाजी म्हणाले, "रुखमाचा पुखराज पोरीले देऊन टाकतो म्हणतो. तिच्या मायची तेवढीच तं वस्तू हाये. उद्या येऊनच राह्यली."

कमळा ताटं गोळा करत होती. ती तशीच वाकलेली राहिली.

ज्या गोष्टीसाठी ती इतकी वर्षं झुरली, ती अशी पाण्याची चूळ भरता भरता होत होती. अंगठी बोटातून निघणार होती. जरा दम धरला असता तर रुखमा आपल्या पायाने या घरातून गेली असती, लेकीच्या बोटात बसून. आता जाणार होता तो कमळाचा खडा, आणि रुखमा राहणार होती डाळीच्या डब्यात.

गप्प बसावं असंही तिला वाटलं. कुणाला कळणार आहे? तोही पुखराजच. पण स्वातीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. पोरीला गोवर आला तेव्हा कमळाच्याच मांडीवर पडून होती. कमळाला मावशी म्हणायची, कधी आई म्हणाली नाही, आणि कमळाला त्याचाही हेवा वाटला होता, खोटं कशाला सांगा. तरी ही पोर सासरी जाऊन गुरुवारी अंगठी दुधात सोडणार, माझ्या आईची म्हणून, आणि आत आई नसणार.

सकाळी नानाजी आंघोळ करून अंगणात आले तेव्हा ती डाळीचा डबाच घेऊन बाहेर आली. डाळीत हात घालून तिने पुडी काढली.

"हे काय?" नानाजींनी विचारलं.

"तुमचा खडा. रुखमाबाईचा." तिने डबा छातीशी धरला होता. "अंगठीत हाये तो दुसरा हाये. मी बदलून आणला. भट्टीतला हाये तो, सस्ता. पोरीले तो देऊ नोका."

नानाजींनी पुडी उघडली. डाळीची पूड फुंकून काढली. खडा हातावर घेतला, बघितला आणि पुडी परत नीट बंद केली.

"सांभाळून ठेवला ना. बरं झालं," ते म्हणाले. "हा पोरीले देऊ."

कमळा ओरडा खायच्या तयारीने आली होती. शिवी आली असती तर ती उलटून बोललीही असती, तिचीही बाजू तयार होती. आता त्या बाजूचं काय करायचं तिला कळेना.

"तुमाले राग नाई येऊन राह्यला?"

"आला होता. तवाच."

"तवा मंजे?"

"पह्यल्याच दिवशी. रुखमाच्या खड्यात एक केस हाये, वाकडा. रुखमा म्हणे, घेतानी मायाच डोक्याचा केस पडला वाटते आत. रोज तोच तं पाहो मी. त्या दिवशी पाह्यलं, तं केस नाई."

कमळाने डबा अंगणातल्या पाटावर ठेवला. चिमट्याने धरावा असा तो मधला धागा तिने स्वतः पाहिला होता, आणि भेसळ म्हटलं होतं.

"मंग बोल्ले काऊन नाई?"

"काय बोलू?" नानाजी गमछ्याने मान पुसत राहिले. "वाटलं, बाई इतके वर्स दुसरीची अंगठी धुवून राह्यली. कदी म्हनलं नाई का नाई धुवत म्हून. एखाद्या दिवशी डोकं फिरलं तिचं, तं फिरू दे. पण पोरीची वस्तू हाये, म्हून काल विषय काढला."

गल्लीतून सायकलवर दूधवाला गेला. कमळाला एकच विचारायचं होतं, आणि तेच विचारायची भीती वाटत होती.

"मंग इतके दिवस उन्हात काय पाहून राह्यले होते? हसत होते ते?"

नानाजींनी बोट पुढे केलं. "इकडं ये. असं तिरपं पाय. काठाले."

तिने नवा चष्मा वर सरकवला, एक डोळा मिटला आणि त्यांच्या बोटाशी डोळा नेला. ऊन खड्यातून येत होतं, सगळं पिवळंच पिवळं दिसत होतं. मग त्यांनी बोट किंचित कलतं केलं, आणि काठाशी काहीतरी चमकलं.

"पह्यले काईच नाई दिसलं," नानाजी म्हणाले. "म्हनलं, इतका साफ खडा कामाचा नाई, आत पाहाले काईच नाई. मंग हे सापडली. बारीक लाही हाये. रुखमाचा केस, अन् तुयी लाही. हसाले आलं."

"खराबी हाये ते," कमळा म्हणाली. "भट्टीची खूण. लटारूभाऊ म्हने."

"असन. मले दिसते ना, झालं."

दुपारी स्वाती आली. जेवणं झाल्यावर कमळानेच पुडी तिच्या हातात दिली. स्वातीने खडा दाराशी नेऊन उजेडात धरला.

"मावशी, यात केस हाये का वो?"

"हाये," कमळा म्हणाली. "तुया मायचा हाये. सांभाळजो."

स्वाती पुडी पर्समध्ये न ठेवता मुठीतच धरून बसली. कमळाने फडकं घेतलं, भिंतीवरचा फोटो काढला आणि काच, चौकट, मागची कागदी बाजूसुद्धा पुसून परत लावला. रुखमा हसत होती. हसू दे म्हणावं, लेकीचं लग्न आहे.

या सगळ्या गोंधळात गुरुवारचा नेम राहूनच गेला होता. चार वाजता नानाजींनी अंगठी काढून देवघरापुढे ठेवली आणि मंडपवाल्याशी बोलायला अंगणात गेले. कमळाने दुधाचं पातेलं घेतलं.

"भट्टीतल्याले दूध कायले वो?" नानाजी तिकडून म्हणाले. "पाण्यानं चालन. दूध चहाले ठेव."

"तुमाले चालन. मले नाई चालत."

तिने वाटी भरली, हळद टाकली. अंगठी दोन बोटांत धरून दुधाला टेकवली, आणि सोनं बुडेपर्यंत बोटं सोडली नाहीत. फरशीवर एक थेंब उडाला नाही. बाहेर नानाजी मंडपवाल्याशी बोलता बोलता थांबले, कान देऊन उभे राहिले.

"सोडली का नाई मंग?" त्यांनी विचारलं.

"केव्हाचीच सोडली," कमळा म्हणाली.